मोजणं आणि विचारणं

२०२४ साली आपल्याकडे लोकसभेच्या ५४३ जागांची निवडणूक झाली. त्याच वर्षी ४ जुलैला ब्रिटनमध्येही सार्वत्रिक निवडणूक झाली. मतदारसंघांची नवी फेररचना तेव्हापासून लागू झाली आणि तिथल्या कनिष्ठ सभागृहात एकट्या इंग्लंडच्या वाट्याला जागा आल्या ५४३! निव्वळ योगायोग. पण आकडा ओळखीचा असला की माणूस जरा जास्त वेळ थांबून वाचतो, तसं माझं झालं. सभागृह ६५० जणांचं. उरलेल्या १०७ जागांपैकी स्कॉटलंडला ५७, वेल्सला ३२ आणि उत्तर आयर्लंडला १८. म्हणजे हे तिघे कधी नव्हे ते एकदिलाने उभे राहिले, तरी समोर त्यांच्या पाचपट माणसं बसलेली.

आपण गोंयकार दिल्लीला दोन खासदार पाठवतो. एक उत्तरेचा, एक दक्षिणेचा. राज्यसभेत एक. त्यामुळे संख्येने लहान असणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी पुस्तकातून शिकवायला नको. तरीही हा लेख गोव्याबद्दल नाही, हे आधीच सांगतो. गोवा हे राज्य आहे. स्कॉटलंड आणि वेल्स स्वतःला राष्ट्र म्हणवतात, ब्रिटनही त्यांना राष्ट्रच म्हणतो, त्यांचे फुटबॉलचे संघसुद्धा वेगळे. दोन गोष्टी एका तागडीत घालता येत नाहीत. मला त्या प्रकरणात रस आहे तो वेगळ्या कारणाने. मोठ्या आणि लहान राष्ट्रांनी एकाच संसदेखाली नांदायचं ठरवलं तर काय काय होतं, याची इतकी जुनी आणि इतकी उघडी फाईल दुसरी सापडणं कठीण. तीनशे वर्षांहून जास्त जुनी. आणि सरकारी कचेरीत वीसेक वर्षं टिपणं लिहिण्यात घालवलेल्या माणसाला जुनी फाईल दिसली की हात आपोआप तिच्याकडे जातो.

माझं म्हणणं काय, तेही लगेच सांगून टाकतो. अशा एकत्र नांदण्यात लहानाला न्याय मिळतो की नाही, हे आपण सगळे जागांच्या हिशोबात शोधतो. कुणाला किती जागा, लोकसंख्येच्या मानाने जास्त की कमी. माझ्या मते तो हिशोब दुय्यम आहे. खरा प्रश्न असा की, कुठल्या गोष्टी डोकी मोजून ठरवायच्या आणि कुठल्या गोष्टी लहानाला विचारल्याशिवाय ठरवायच्याच नाहीत, ही रेघ कोण ओढतो? आणि ओढलेली रेघ पुसायचा अधिकार कुणाकडे?

सुरुवातीपासून पाहू. १७०७ साली इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या दोन संसदा जाऊन एक झाली. कराराची कलमं पंचवीस. स्कॉटलंडला ४५ जागा मिळाल्या, इंग्लंड-वेल्सला होत्या ५१३. लोकसंख्येने स्कॉटलंड तेव्हा इंग्लंडच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास होता, म्हणजे जागा कमीच. पण कर किती भरतो त्या मानाने मोजलं असतं तर याहूनही कमी आल्या असत्या, असा इंग्रजांचा युक्तिवाद. इंग्लंडच्या कर्जाचा भार आता स्कॉटलंडवरही पडणार म्हणून त्याबदल्यात ३,९८,०८५ पौंड दहा शिलिंग इतकी रक्कम दिली गेली. त्या शेवटच्या दहा शिलिंगांचं मला कौतुक वाटतं. कुणीतरी माझ्यासारखाच कारकून रात्री दिव्याखाली बसून ती बेरीज जुळवत असणार.

जागा कमी असूनही स्कॉटिश पुढाऱ्यांनी सही केली, कारण काही गोष्टी त्यांनी मोजणीच्या बाहेर काढून घेतल्या होत्या. त्यांचे कायदे, त्यांची न्यायालयं, त्यांचं चर्च यांना हात लागणार नाही असं वचन होतं. चर्चच्या संरक्षणासाठी तर स्वतंत्र कायदा. म्हणजे १७०७ च्या लोकांना ही रेघ ठाऊक होती. अडचण एवढीच की वचन पाळलं जातंय की नाही हे ठरवणारी संसद तीच, जिच्यात वचन घेणारे ४५ आणि देणारे ५१३. पाचच वर्षांत, १७१२ मध्ये, त्या संसदेने स्कॉटिश चर्चमध्ये धर्मोपदेशक कुणी नेमायचा यात हात घातला आणि तो अधिकार पुन्हा जमीनदारांकडे दिला. १७१३ मध्ये माल्टवरचा कर आला, तेव्हा हा संयोगच रद्द करावा असा ठराव उमरावांच्या सभागृहात मांडला गेला आणि तो अवघ्या चार मतांनी पडला. सहा वर्षांत संसार मोडायची वेळ आली होती! पुढे साम्राज्य वाढलं, व्यापार वाढला, ग्लासगो श्रीमंत झालं. आपल्या देशात चहाच्या मळ्यांपासून कलकत्त्याच्या तागाच्या गिरण्यांपर्यंत जे 'इंग्रज' साहेब होते, त्यांतले बरेच स्कॉटिश होते. तेव्हा स्कॉटलंड हा काही नुसता पीडित पक्ष नव्हे, हेही लक्षात ठेवलेलं बरं.

१९५३ ची एक गंमत जाता जाता. नवी राणी 'एलिझाबेथ दुसरी'. पण पहिली एलिझाबेथ फक्त इंग्लंडची राणी होती, स्कॉटलंडची कधीच नव्हती. मग यांच्यासाठी ही दुसरी कशी? एडिंबरोत नव्या टपालपेटीवर रोमन दोनचा आकडा आला आणि कुणीतरी ती पेटीच स्फोटाने उडवून दिली. प्रकरण कोर्टातही गेलं. राणीच्या आकड्यापुरता दावा फेटाळला गेला, पण न्यायाधीश लॉर्ड कूपर यांनी निकालात एक शेरा मारून ठेवला, की संसदेचं अमर्याद सार्वभौमत्व हे खास इंग्रजी तत्त्व आहे, स्कॉटलंडच्या घटनात्मक परंपरेत त्याला जोड नाही. त्यानंतर राणीच्या काळात स्कॉटलंडमध्ये बसवलेल्या पेट्यांवर आकडा न घालता स्कॉटिश मुकुट घातला गेला. टपालखात्याला जे झटक्यात समजलं ते संसदेला समजायला फार वेळ लागला.

आता वेल्सकडे येतो, कारण माझ्या मनात हा विषय शिरला तो तिथूनच.

उत्तर वेल्समध्ये बाला गावाजवळ त्रवेरिन नावाची नदी आहे. तिच्या खोऱ्यात कापेल केलिन हे लहानसं गाव होतं. एक प्रार्थनाघर, एक शाळा, एक टपाल कचेरी, काही घरं, काही शेतमळे. सगळे वेल्श बोलणारे. लिव्हरपूल शहराला पाणी हवं होतं. लिव्हरपूल इंग्लंडमध्ये. तिथल्या महापालिकेने ठरवलं की या खोऱ्यात धरण बांधायचं. रीतीने गेलं असतं तर वेल्समधल्या स्थानिक संस्थांची परवानगी घ्यावी लागली असती. महापालिकेने तो रस्ताच टाळला आणि थेट लंडनच्या संसदेकडून कायदा करून घेतला. आमच्या भाषेत, खालच्या टेबलावर फाईल अडेल म्हणून वरूनच सही आणली. १९५७ साली कायदा झाला. वेल्सच्या ३६ खासदारांपैकी बहुतेकांचा विरोध होता आणि बाजूने मत एकानेही दिलं नाही. एकानेही नाही! तरी कायदा झाला, कारण मोजणी ६३० जणांच्या सभागृहात होती. त्याआधी १९५६ मध्ये गावातली माणसं, मुलंबाळं घेऊन, लिव्हरपूलच्या रस्त्यावर मोर्चा काढून आली होती. १९६५ मध्ये जलाशय भरला. शाळा गेली, प्रार्थनाघर गेलं. दफनभूमीतल्या काहींच्या अस्थी नातेवाइकांनी दुसरीकडे नेल्या, बाकीच्यांवर काँक्रीटचा थर आला.

हे वाचताना कुठल्याही गोंयकाराला कुर्डी आठवणार. साळावली धरणाखाली गेलेलं सांगे तालुक्यातलं आमचं कुर्डी, मोगूबाईंचं कुर्डी. दर वर्षी मे महिन्यात पाणी ओसरतं, सोमेश्वराचं देऊळ वर येतं, आणि वाळकिणी-वाडेंला वसवलेली माणसं आपल्या घरांचे चौथरे शोधत जातात. दुःख तेच. चिखलातून चालत जाऊन इथे आमचं तुळशीवृंदावन होतं म्हणून नातवाला दाखवणारा म्हातारा कापेल केलिनमध्येही तसाच असणार.

पण एक फरक आहे आणि माझा सगळा मुद्दा त्या फरकावर उभा आहे. कुर्डी बुडवायचं ठरवलं ते गोव्याच्या सरकारने, गोव्याच्या दक्षिण भागाला पाणी मिळावं म्हणून. खुद्द भाऊसाहेब बांदोडकर गावात जाऊन बोलले होते. पुनर्वसनात जे कमीजास्त झालं, त्यासाठी कुर्डीकरांना भांडायला पणजी होती. ज्यांनी निर्णय घेतला त्यांना पुढच्या निवडणुकीत कुर्डीकरांच्याच दारात मतं मागायला यायचं होतं. कापेल केलिनच्या लोकांनी कुणाला पाडायचं? लिव्हरपूलच्या नगरसेवकाला त्यांचं मत नको होतं. त्यांच्या खासदाराने तर विरोधातच मत दिलेलं. सगळं नियमाने झालं, बहुमताने झालं, आणि ज्याचं घर बुडालं त्याच्या हातात निर्णय घेणाऱ्यांपैकी एकाचीही बाही आली नाही.

वेल्समध्ये यातून राग पेटला तो आजतागायत विझलेला नाही. १९६४ मध्ये वेल्ससाठी स्वतंत्र मंत्री नेमला गेला. १९६६ मध्ये कारमार्थनच्या पोटनिवडणुकीत ग्विन्फोर एव्हन्स निवडून आले, प्लेड कम्री या वेल्श पक्षाचे पहिले खासदार. २००५ मध्ये लिव्हरपूलने अधिकृतपणे माफी मागितली, धरण भरून चाळीस वर्षं झाल्यावर. समुद्राजवळच्या एका रस्त्याकडेला पडक्या घराच्या भिंतीवर मेक स्टीव्हन्स या तरुणाने साठच्या दशकात रंगाने दोन शब्द लिहिले होते, 'त्रवेरिन विसरू नका' अशा अर्थाचे. ती भिंत आता वेल्सचं तीर्थस्थानच झाली आहे. आपल्यासारख्या भाषावेड्यांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे त्याने मूळ लिहिताना व्याकरणाची चूक केली होती. वेल्शमध्ये अशा जागी शब्दाचा पहिला वर्ण मऊ होतो, 'त्र'चा 'द्र' व्हायला हवा, काहीसं आपल्या जगत् आणि ईशचं जगदीश होतं त्या चालीवर. नंतर रंगवणाऱ्यांनी ती दुरुस्त केली. २०१९ मध्ये कुणीतरी भिंतीचा काही भाग पाडला, तर वेल्सभर ठिकठिकाणी भिंतींवर तेच शब्द उमटले.

म्हादईबद्दल इथे फार लिहीत नाही. २०१८ च्या लवादाच्या निवाड्यानंतरही वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, त्यावर आपल्याकडे रोज लिहिलं जातं. एवढंच म्हणतो, की कर्नाटकाचे लोकसभेत २८ आणि आपले २, असं असतानाही हा विषय लोकसभेत हात मोजून निकालात निघाला नाही. लवाद झाला, दोन्ही बाजूंचे कागद तपासले गेले. निवाडा आपल्याला पटो न पटो. त्रवेरिनला तेवढंही मिळालं नव्हतं.

स्कॉटलंडकडे परत जाऊ. १ मार्च १९७९ ला तिथे सार्वमत झालं. प्रश्न असा, की स्कॉटलंडला स्वतःचं वेगळं विधिमंडळ हवं का? हवं म्हणणारे १२,३०,९३७ आणि नको म्हणणारे ११,५३,५०२. झालेल्या मतदानाच्या ५१.६ टक्के. आपल्या हिशोबाने विषय संपला. पण लंडनच्या संसदेने कायद्यात आधीच एक अट घालून ठेवली होती, की एकूण मतदारांच्या ४० टक्क्यांनी 'हवं' म्हटलं पाहिजे. झाले ३२.९ टक्के. जो मतदानाला गेलाच नाही, तो आजारी असो, आळशी असो, कामावर असो, त्याची गणना नकोवाल्यांत झाली. तो कायदा रद्द केला गेला.

आता हीच पट्टी घेऊन पुढच्या एका मोजणीवर ठेवून पाहा. २०१६ मध्ये ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडायचं ठरवलं ते ५१.९ टक्के मतांनी. नोंदलेले मतदार साडेचार कोटींहून जास्त, बाहेर पडा म्हणणारे १ कोटी ७४ लाख, म्हणजे एकूण मतदारांच्या ३७.४ टक्के. १९७९ ची अट असती तर ब्रिटन आजही युरोपीय संघात असता. लहानाने विधिमंडळ मागितलं तेव्हा चाळीसची पट्टी, मोठ्याने चाळीसहून जास्त वर्षांचा संबंध तोडला तेव्हा पट्टीच नाही. मी यात कुणाचा कट वगैरे पाहत नाही. दोन वेगवेगळ्या संसदा, वेगवेगळी माणसं. पण पट्टी कधी काढायची आणि कधी खिशात ठेवायची हे नेहमी एकाच बाजूने ठरवलं, हे मात्र खरं.

त्या २०१६ च्या सार्वमतात स्कॉटलंडने ६२ टक्क्यांनी राहायचं म्हटलं, उत्तर आयर्लंडने ५५.८ टक्क्यांनी. वेल्सने मात्र बाहेर पडायलाच मत दिलं. हे मुद्दाम सांगतो, कारण लहान राष्ट्रं म्हणजे सगळी एका बाजूला आणि इंग्लंड दुसऱ्या, असं सोपं चित्र नाही.

मधल्या काळात स्कॉटलंडचं विधिमंडळ झालं होतं. १९८९ साली डोईपट्टी, म्हणजे ज्याला तिकडे पोल टॅक्स म्हणतात, ती इंग्लंडच्या एक वर्ष आधी स्कॉटलंडवर लादली गेली. तोपर्यंत स्कॉटलंडच्या ७२ खासदारांपैकी सत्ताधारी पक्षाचे होते फक्त दहा. त्या रागातून बरंच काही झालं आणि १९९७ च्या सार्वमतात ७४.३ टक्के लोकांनी विधिमंडळ मागितलं. १९९९ मध्ये ते भरलं. आणि तेव्हा लंडनने एक वचन दिलं, की तुमच्याकडे सोपवलेल्या विषयांवर आम्ही तुमच्या संमतीशिवाय कायदा करणार नाही. सामान्यतः.

हा 'सामान्यतः' माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. मसुद्यात हा शब्द घालायला शिकलेला कारकून कधी अडकत नाही. 'अर्ज सामान्यतः तीस दिवसांत निकालात काढला जाईल' असं लिहिलं की एकतिसाव्या दिवशी कुणी काही विचारू शकत नाही. सुरुवातीला हा नुसता संकेत होता. २०१६ मध्ये तो कायद्यातच लिहिला गेला, 'सामान्यतः' या शब्दासकट. स्कॉटिश लोकांना वाटलं आता तरी पाया पक्का झाला. जानेवारी २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कायद्यात लिहिला तरी हा राजकीय संकेतच आहे, तो पाळला गेला की नाही हे पाहणं न्यायालयाचं काम नव्हे. २०१८ मध्ये स्कॉटलंडच्या विधिमंडळाने युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या एका विधेयकाला संमती नाकारली. कायदा झाला. जानेवारी २०२० मध्ये पुढच्या विधेयकाला स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड, तिन्ही विधिमंडळांनी संमती नाकारली. तोही कायदा झाला. परिस्थिती सामान्य नव्हती, असं उत्तर आलं. आणि ती खरंच सामान्य नव्हती! पण संमतीची गरज असामान्य वेळीच तर लागते. रोजच्या कामात कोण कुणाची अडवणूक करतो?

इथे कुणीही सरळ प्रश्न विचारेल. स्कॉटलंडची वस्ती ५४ लाख, इंग्लंडची साडेपाच कोटींच्या वर. मग काय ५४ लाखांनी बाकी सगळ्यांना अडवून धरायचं? प्रश्न रास्त आहे. युरोपीय संघात कर आणि परराष्ट्र धोरण यांसारख्या विषयांवर प्रत्येक देशाचा होकार लागतो, आणि एखाद्या सरकारने त्या नकाराचा सौदा करून सगळ्यांना ताटकळत ठेवल्याची उदाहरणं तिथे आहेत. लहानाच्या हाती दिलेला नकार हा दर वेळी न्यायासाठीच वापरला जातो असं मानणं भोळेपणाचं आहे. शिवाय अन्याय मोठ्यावरही होतो. टॅम डॅलियल हे स्वतः स्कॉटिश खासदार, वेस्ट लोदियन मतदारसंघाचे. त्यांनी १९७७ मध्येच विचारलं होतं, की उद्या स्कॉटलंडच्या शाळा-इस्पितळांवर इंग्लंडच्या खासदारांनी मत द्यायचं नाही असं ठरलं, तर मी इंग्लंडच्या शाळा-इस्पितळांवर मत का म्हणून द्यायचं? जानेवारी २००४ मध्ये हे प्रत्यक्षात घडलं. इंग्लंडमधल्या विद्यापीठांची फी वाढवणारं विधेयक ३१६ विरुद्ध ३११, पाच मतांनी पुढे सरकलं, आणि ती पाच मतं सरकार पक्षाच्या स्कॉटिश खासदारांमुळे जमली. त्यांच्या मतदारांच्या मुलांना ती फी लागू नव्हती. इंग्लंडमधल्या आईबापांना हे टोचलं असेल तर त्यांचं काय चुकलं? २०१५ मध्ये त्यावर उपाय म्हणून फक्त इंग्लंडपुरत्या विधेयकांना इंग्लंडच्या खासदारांची वेगळी मंजुरी लागेल असा नियम झाला. २०२१ मध्ये तो काढूनही टाकला.

माझ्या दृष्टीने त्रवेरिन आणि ही फीवाढ हे एकाच चुकीचे दोन चेहरे आहेत. ज्याच्या घरात पाणी शिरणार नाही त्याने धरणावर मत दिलं, ज्याचा खिसा हलका होणार नाही त्याने फीवर मत दिलं. जे एकाचंच आहे, त्याची माती, त्याची शाळा, त्याची भाषा, ते त्याच्याच संमतीने ठरावं. जे सगळ्यांचं आहे, युद्ध-शांतता, चलन, समाईक कर, तिथे डोकी मोजावीत आणि लहानाने हरायची तयारी ठेवावी. आणि ज्याने एकत्र राहण्याच्या अटीच बदलतात, तिथे दोन्ही मोजण्या हव्यात. हे काही मी पणजीत बसून लावलेलं तर्कट नव्हे. ऑस्ट्रेलियात घटना बदलायची तर देशभरातलं बहुमतही लागतं आणि सहापैकी किमान चार राज्यांतलं बहुमतही. स्वित्झर्लंडमध्ये जनतेचं आणि कॅन्टनांचं, असं दुहेरी बहुमत लागतं. २०२० मध्ये तिथे मोठ्या कंपन्यांच्या जबाबदारीचा एक प्रस्ताव ५०.७ टक्के लोकांची मतं मिळवूनही कॅन्टनांच्या मोजणीत पडला. झुरिकच्या माणसाला राग आला असणार. पण नियम त्याला खेळाच्या आधी ठाऊक होता.

संमती कुणाची, हाही प्रश्न वाटतो तेवढा सरळ नाही. आपल्या घटनेच्या तिसऱ्या कलमात, राज्याच्या सीमा बदलायच्या असतील तर त्या राज्याच्या विधिमंडळाचं मत मागवावं एवढंच आहे, मान्यता लागत नाही. जानेवारी २०१४ मध्ये आंध्र प्रदेश विधानसभेने विभाजनाचं विधेयक फेटाळलं, तरी जूनमध्ये तेलंगणा झालं. हैदराबादचे मराठी वाचक म्हणतील, संमतीची अट असती तर तेलंगणा कधीच झालं नसतं. कारण तिथे लहान तेलंगणा होतं आणि विधानसभेत मोठे दुसरे होते. खरं आहे. विचारायचं तर ज्याचं भवितव्य पणाला लागलंय त्याला विचारायला हवं, आणि तो नेमका कोण हे प्रत्येक ठिकाणी नव्याने पाहावं लागतं.

आपल्याला एकदा विचारलं होतं. १६ जानेवारी १९६७. फूल की दोन पानं. आमचं घर फुलाचं होतं, हे लपवायचं कारण नाही. मगोपचा झेंडा आणि मराठी पुस्तकं हेच घरातलं धन. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं पडली आणि विरोधात १,७२,१९१. चौतीस हजार एकवीस मतांनी आम्ही हरलो. त्या निकालाबद्दल आमच्याकडे चवथीच्या पंगतीत अजून वाद होतात आणि मी ते मिटवायला जात नाही. सगळं आदर्श होतं असंही नाही, कारण घटक राज्य हा पर्यायच कागदावर नव्हता, तो मिळायला १९८७ उजाडलं. पण संसदेने त्यासाठी कायदा केला, मतदान निःपक्षपाती व्हावं म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने आधी राजीनामा दिला, साधं बहुमत पुरेसं ठरलं, मध्येच कुणी चाळीस टक्क्यांची पट्टी काढली नाही. आणि प्रश्न गोवा, दमण, दीवच्या लोकांना विचारला, शेजारच्या कोट्यवधींना नाही. शेजाऱ्यांनाही मतपत्रिका दिली असती तर माझं घर जिंकलं असतं. तसं जिंकणं मला नको होतं.

स्कॉटलंडलाही एकदा विचारलं, २०१४ मध्ये. वेगळं व्हायचं का? ८४.६ टक्के मतदान, सोळा वर्षांच्या मुलांनाही मत, आणि ५५.३ टक्क्यांनी 'नको' म्हटलं. ते सार्वमत लंडनने परवानगी दिली म्हणून झालं. पुढे युरोपातून बाहेर पडल्यावर स्कॉटिश सरकारला वाटलं, परिस्थिती बदलली, पुन्हा विचारू. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाचही न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, की स्वतःच्या लोकांना हा प्रश्न विचारण्याचा कायदा करायचा अधिकार स्कॉटलंडच्या विधिमंडळाला नाही. निकाल कायद्याला धरूनच होता. स्कॉटलंडने वेगळं व्हावं की नाही, यावर माझं काहीच म्हणणं नाही, तो त्यांचा प्रश्न. पण विचारायचं कधी, हे ठरवण्याचा कुठलाच लिहिलेला नियम नसावा, लंडनमध्ये जो पंतप्रधान असेल त्याच्या मनावर ते असावं, ही काय रीत झाली?

बरं, नियम लिहिता येत नाही असंही नाही. त्याच संसदेने तो एकदा लिहिलेला आहे. उत्तर आयर्लंडसाठीच्या १९९८ च्या कायद्यात स्वच्छ म्हटलंय, की तिथल्या बहुसंख्यांच्या संमतीशिवाय उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून वेगळं होणार नाही, आणि बहुसंख्यांना आयर्लंडशी एक व्हायचं आहे अशी शक्यता मंत्र्याला दिसली तर त्याने सार्वमत घेतलंच पाहिजे. एकदा घेतल्यावर पुढची सात वर्षं घ्यायचं नाही, हेही त्यात आहे. ठरवणारा मंत्री लंडनचाच, पण दार कुठे आहे आणि ते कधी उघडतं हे तरी कागदावर आलं. ते कलम लिहिलं जाण्याआधी तिथे तीस वर्षांत जवळपास साडेतीन हजार माणसं मारली गेली होती. स्कॉटलंडने टपालपेटी सोडली तर फारसं काही उडवलं नाही, सभा घेतल्या, मतं दिली, कोर्टात गेला. त्याच्यासाठी असं कलम कुठल्याही कायद्यात नाही.